‘सगळं ऐकतो आम्ही, तेवढं एक सोडून’

गणपती जवळ आले की कोल्हापुरात मांडवांचे खांब रोवले जातात आणि त्याच आठवड्यात डॉल्बीवरून भांडण सुरू होतं. डॉल्बी म्हणजे आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. पोलीस मंडळांच्या बैठका घेतात, आवाजाच्या मर्यादेची आठवण करून देतात, पारंपरिक वाद्यं लावा म्हणून आवाहन करतात. मग शहर दोन बाजूंना वाटलं जातं. एक बाजू म्हणते, ‘ही काय गाणी आहेत? उत्सवाचं वाटोळं केलं या पोरांनी.’ दुसरी म्हणते, ‘वर्षातनं एक दिवस आमची गाणी लागली तर तुमच्या पोटात दुखतंय व्हय? तुमच्या मैफिलीला कधी आडवं आलोय आम्ही?’

या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आवाज किती, हा एक. गाणं कसलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मीटर देतो. दुसऱ्याच्या पोटात मात्र बरंच काही दडलंय: आपल्याला एखादं गाणं का आवडतं, त्या आवडीची पार्टी कशी तयार होते, आणि दुसऱ्याची आवड हलकी आहे असं आपल्याला इतक्या खात्रीने का वाटतं. समाजशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी यावर गेली पन्नास-साठ वर्षं काम केलंय. ते कोल्हापूरच्या रस्त्यांवर उभं राहून वाचलं, तर बरंच ओळखीचं वाटतं.

कानाला आधी ओळख लागते

गाणं ऐकताना मेंदू गप्प बसलेला नसतो. पुढचा सूर कुठला येईल, ठेका कुठे पडेल, याचा तो सतत अंदाज बांधत असतो. अंदाज बरोबर आला की बरं वाटतं. थोडासा, पण गोड पद्धतीने चुकला, तर जास्त मजा येते. आणि अंदाज बांधताच आला नाही, तर त्या गाण्याला आपण गोंगाट म्हणतो. अंदाज बांधायला आधी ऐकलेलं असावं लागतं, सगळी गोम तिथेच आहे.

मालकंसाचं उदाहरण घ्या. या रागात रिषभ आणि पंचम हे दोन सूर लागत नाहीत. जयपूर-अत्रौली गायकीतला संपूर्ण मालकंस मात्र ते दोन्ही घेतो. ज्याच्या कानात साधा मालकंस वर्षानुवर्षं मुरलाय, त्याला तो पंचम लागताना ‘अरेच्चा!’ असं होतं आणि अंगावर काटा येतो. ज्याने मालकंस कधी ऐकलाच नाही, त्याच्या दृष्टीने गायक नेहमीसारखाच काहीतरी गातोय. दुसऱ्या माणसाच्या रसिकतेत काही खोट नाही. त्याच्याकडे मोडण्यासारखी अपेक्षाच तयार नाही, एवढंच.

आता हेच उलटं करून बघा. तालमीजवळ वाढलेल्या पोराला हलगी, घुमकं आणि कैताळ या वाद्यांचा मेळ इतका पाठ असतो की हलगीवाला चाल बदलायच्या आत त्याचे पाय बदलतात. तोच ताफा एखाद्या मुरलेल्या मैफिलीच्या श्रोत्यासमोर उभा केला, तर त्याला सगळ्या चाली सारख्याच वाटतील आणि वर तो म्हणेल, ‘यात काय आहे? नुसतं बडवणं.’

ओळखीतून आवड येते, हे रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये फार साध्या प्रयोगांनी दाखवलं. निरर्थक शब्द, चिनी अक्षरांसारख्या खुणा असं काहीबाही त्याने लोकांना दाखवलं. जे जास्त वेळा दाखवलं, ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. अर्थ कळायचा प्रश्नच नव्हता, नुसतं पुन्हा पुन्हा समोर येणं पुरलं. २०१६ मध्ये बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य कानांना जे सूर एकत्र वाजले की गोड वाटतात आणि जे कर्कश वाटतात, ते दोन्ही त्या लोकांना सारखेच बरे वाटले. म्हणजे ज्याला आपण ‘कुणाच्याही कानाला खटकेल’ म्हणतो, तेही बऱ्याच अंशी सवयीचं असतं.

त्यात वयाचा भाग आहेच. मिसरूड फुटण्याच्या काळात ऐकलेली गाणी जन्मभर चिकटतात. ‘आमच्या वेळची गाणी’ प्रत्येक पिढीला असतात आणि प्रत्येक पिढी त्याबद्दल तेवढीच ठाम असते.

आवडीची पार्टी कशी होते

इथवर साधं आहे. ओळखीचं आवडतं, मग दुसऱ्याचं नावडतं का होतं? याचं उत्तर शाहू स्टेडियमवर मिळेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी मंडळ: यातली आपली फुटबॉलची टीम कुणी खेळ पारखून निवडत नाही. आपण ज्या पेठेत जन्मलो, ज्या तालमीत बाप आणि चुलते बसायचे, ती आपली. नंतर आपण तिच्या खेळातले गुण शोधतो, आणि ते सापडतातही. पण टीम आपली असण्यात एक दुसरी गोष्ट आपोआप येते: समोरची टीम आपली नसणं. तिचा गोल कितीही देखणा असो, तो ‘लागला’ असतो, ‘मारला’ नसतो.

संगीतातल्या निष्ठा पुष्कळशा अशाच असतात. घराणं म्हणजे गुरूकडून शिष्याकडे आलेली गाण्याची विशिष्ट रीत. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी होते, म्हणून कोल्हापूरच्या कानाला लयीत गुंफलेली, पेचदार, अनवट रागांची जयपूर गायकी आपली वाटली. अनवट म्हणजे सहसा कुणी गात नाही असे राग. इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ राहिले, तिकडे सुरात बुडालेली, संथ किराणा गायकी रुजली. दोन्हीकडच्या जुन्या श्रोत्यांना आपला कल हा आपल्या अभिरुचीचा पुरावा वाटायचा. पण जन्म पन्नास किलोमीटर अलीकडे-पलीकडे झाला असता, तर यातल्या कितीजणांनी तोच पुरावा उलट्या बाजूने दिला असता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

नाटकवेड्या महाराष्ट्राने याच प्रकारात बालगंधर्ववाले आणि केशवराव भोसलेवाले अशा फळ्या पाहिल्या. केशवराव कोल्हापूरचे, त्यामुळे इथे मतदान कुणाकडे झुकत असेल हे सांगायला नको. गंमत अशी की ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे संयुक्त ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. त्यांना एकमेकांच्या गाण्याची अडचण नव्हती. अडचण प्रेक्षकांना होती. पुढे तीन महिन्यांत केशवराव गेले, आणि ती तुलना कायमची अर्धवट राहिली.

आसपासचे लोक आपली आवड किती वाकवतात, याचा एक सुंदर प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४ हजारांहून अधिक लोकांना इंटरनेटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, हे त्यांना दाखवलं. वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी ‘हिट’ होऊ लागली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट वर आली नाहीत, पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे गुण नावाची गोष्ट आहे. फक्त आपण समजतो तेवढी ती एकटी काम करत नाही.

तोरा कुठून येतो

निष्ठा निरुपद्रवी असते. बोचतो तो तोरा. पियेर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये पाहण्या केल्या आणि १९७९ मध्ये त्यावरचं गाजलेलं पुस्तक काढलं. प्राध्यापक आणि कलावंत बाखच्या रचनांकडे झुकत होते, कामगार आणि छोटे दुकानदार स्ट्राउसच्या लोकप्रिय नृत्यसंगीताकडे. बुर्द्यूचं म्हणणं असं की हा कानांचा फरक नाही, घरांचा आहे. काय ऐकावं, कसं ऐकावं, त्यावर काय बोलावं, हे ज्याला घरातूनच मिळतं, त्याच्याकडे एक प्रकारची ठेव असते. बुर्द्यूने तिला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. पैशासारखीच ती वारशाने मिळते. फरक एवढाच की ती वारशाची आहे हे दिसत नाही, अंगचा गुण वाटते.

मैफिलीत पहिल्यांदा आलेल्या माणसाकडे बघा. दाद कधी द्यायची, समेवर मान कशी हलवायची, टाळी मध्येच वाजवायची की शेवटी, याचा त्याला पत्ता नसतो. तो चुकीच्या जागी टाळी वाजवतो आणि पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळतात. गाण्याचं त्या टाळीने काहीही बिघडलेलं नसतं. तो पुढच्या वेळी येत नाही, आणि मग तीच डोकी म्हणतात की शास्त्रीय संगीताला हल्ली श्रोता उरला नाही.

शिडीच्या पायऱ्या हलत असतात

काही संगीत वरचं आणि काही खालचं, हे खरोखर सुरांतच लिहिलेलं असतं, तर ते कायम तसंच राहिलं असतं. तसं राहत नाही. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलं, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्करांनी रागदारीबरोबर साकी, दिंडी आणि लावणीच्या चालींचा सढळ वापर केला होता. आज नाट्यसंगीत म्हटलं की गळ्याला उपरणं आलंच. कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या गायिकांना प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात बरोबरीने बसायला जागा नव्हती. पण त्याच परंपरेतल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून पृथ्वीची ओळख म्हणून अवकाशात गेली.

हार्मोनियमची कथा तर आपल्या गावाला जवळची. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हे वाद्य बंद केलं आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. कारण दिलं जायचं ते अगदी पोकळ नव्हतं: पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे दोन सुरांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तिच्यातून निघत नाही. शिवाय वाद्य परदेशी. पण रेडिओबाहेर, मैफिलीत, तेव्हाचे मोठमोठे गवई पेटीच्याच साथीने गात होते. कोल्हापुरात वावरलेले गोविंदराव टेंबे हे त्या पेटीचे बादशहा. त्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या. १९३२ मध्ये प्रभातने कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटाला संगीत दिलं आणि त्यात राजा हरिश्चंद्र म्हणून कामही केलं. अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. मैफील, नाटक आणि सिनेमा या तीन पायऱ्यांवर हा माणूस धोतर सावरत आरामात वर-खाली करत होता. त्यांना कुठल्या पायरीवर बसवावं हा प्रश्न नंतरच्यांचा.

सरकारनेही एकदा रसिकता शिकवायचं मनावर घेतलं होतं. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांना फिल्मी गाणी अजिबात रुचत नसत. आकाशवाणीवरून ती आधी कमी झाली आणि मग जवळजवळ गायबच झाली. देशाने काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. आणि ज्या गाण्यांमुळे अभिरुची बिघडेल अशी तेव्हा भीती होती, तीच गाणी आज ‘जुनं ते सोनं’ म्हणून डॉल्बीवाल्या पोरांच्या तोंडावर फेकली जातात!

सगळं ऐकणारा माणूस

यावर कुणी म्हणेल, हा जुना जमाना झाला. आता शिकलेला माणूस उदार झालाय. त्याच्या फोनमध्ये किशोरीताई आहेत, कव्वाली आहे, जॅझ आहे, एखादा पोवाडाही आहे. खरंय. रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न यांनी १९८२ आणि १९९२ मधल्या अमेरिकन पाहण्यांवरून हेच दाखवलं. वरच्या वर्गाचा श्रोता फक्त उच्चभ्रू संगीत ऐकणारा राहिला नव्हता, तो सर्वभक्षी होऊ लागला होता.

पण १९९६ मध्येच, ज्या नियतकालिकात त्यांचा लेख आला त्यातच, बेथनी ब्रायसन यांनी प्रश्न उलटा विचारला: तुम्हाला काय आवडत नाही? शिकलेल्या लोकांची नावडीची यादी छोटी होती. मात्र तिच्यात उरलेले प्रकार बघितले तर हेवी मेटल, रॅप, कंट्री, गॉस्पेल, म्हणजे नेमके कमी शिकलेल्या लोकांत चालणारे. उदारपणाचं दार सताड उघडं होतं, फक्त चौकटीवर एक पाटी होती.

ती पाटी आपल्याकडेही आहे. लावणी वातानुकूलित सभागृहात, निवेदकाच्या शुद्ध भाषेतल्या प्रस्तावनेसह आली की ती ‘लोककला’ असते. तीच कनातीखाली, शिट्ट्यांमध्ये आली की ‘ते प्रेक्षक कसले असतात माहितीये ना?’ असं होतं. बोलणारा गाण्याबद्दल बोलत नाहीये हे ऐकताक्षणी कळतं. तोरा ओळखायची याहून सोपी खूण मला सापडलेली नाही. वाक्य सुरांवर, शब्दांवर, ठेक्यावर संपतंय की ऐकणाऱ्या माणसांवर, तेवढं बघायचं.

आणि उलट्या बाजूचा तोरा

हे फक्त वरून खाली चालतं असं मानणं भाबडेपणाचं होईल. ‘ते आऽ आऽ आम्हाला कळत नाही’ हे वाक्य काहीजण लाजून म्हणतात आणि बरेचजण छाती काढून. आम्ही रांगडे, मातीतले, आमचं ते खरं, बाकीचे नाटकी. ‘नाद खुळा’ म्हणत दुसऱ्याचा नाद हसण्यावारी नेणं हाही तोराच, फक्त कोल्हापुरी पायताण घातलेला.

आणि या गावात तर त्याला आधारच नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, तसा गाण्यालाही दिला. त्यांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, आणि खासबाग मैदान एकमेकांना चिकटून उभी राहिली. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला तंबोरा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. हळहळ फक्त नाट्यपदं पाठ असणाऱ्यांत होती असं काही दिसलं नाही.

मग सगळंच सारखं का?

हा आक्षेप रास्त आहे. आवड सवयीची, तोरा वर्गाचा, तर मग चांगलं-वाईट असं काही उरतं का?

उरतं. पण ते प्रत्येक प्रकाराच्या आत मोजावं लागतं. हलगीतही कच्चा आणि तयार हात असतो. जाणकाराला तो दहा सेकंदांत कळतो. पोवाड्यात आवाज चढवून ओरडणारा आणि शब्दाला नेमकी धार लावणारा शाहीर वेगळे असतात. ख्यालातही रियाजाच्या जोरावर नुसती कवायत करणारे आहेत, आणि त्यांच्या ताना कितीही अवघड असल्या तरी कंटाळा येतो तो येतोच. अवघड असणं आणि चांगलं असणं या दोन गोष्टी आपण फार सहज एक करतो. ख्याल शिकायला वीस वर्षं लागतात हे खरं, आणि त्या वीस वर्षांचा मान राखलाच पाहिजे. पण मिरवणुकीत माणसं नाचवायचं काम त्या वीस वर्षांनी होत नाही, आणि ते करायचं त्याने ठरवलेलंही नसतं.

गाण्याच्या शब्दांवरचा आक्षेप वेगळा. एखाद्या गाण्यात बाईला वस्तू केली असेल तर तसं म्हणायला कुठल्याही घराण्याची परवानगी लागत नाही. मात्र तोच निकष जुन्या, प्रतिष्ठित झालेल्या गाण्यांनाही लावायची तयारी हवी. शृंगाराच्या नावाखाली तिथेही काय काय गेलंय ते एकदा शब्द लिहून काढून बघावं.

डॉल्बीला विरोध हाही तोराच का?

आवाजाला विरोध असेल तर अजिबात नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचं माप, आणि ते साध्या पट्टीसारखं सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणून ५५ वरून १०५ ला गेलेली भिंत दुप्पट आवाज करत नाही, ती एक लाख पट ऊर्जा बाहेर टाकते. महाद्वार रोडवरच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर कुणी आजारी माणूस झोपलेला असेल, तर त्याच्या छातीला भिंतीवर कोणतं गाणं लागलंय याने फरक पडत नाही.

पण म्हणूनच विरोध करणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. त्याच भिंतीवर, त्याच आवाजात भीमसेनजींचा अभंग लागला असता तर मी पोलिसांना फोन केला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तक्रार आवाजाची नव्हती. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यानेही एक विचारावा: हेच गाणं अर्ध्या भिंतीवर लावलं तर चालेल का? ‘मग काय मजा’ असं उत्तर आलं, तर ‘आमच्या गाण्यांना विरोध’ ही ओरड त्यालाही शोभत नाही, कारण त्याला गाणं नकोच आहे, भिंत हवी आहे.

पारंपरिक वाद्यांची भलामण करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पन्नास ढोल आणि वीस ताशे अरुंद बोळात एकदम वाजले की तेही मर्यादा सहज ओलांडतात. मीटर ढोलालाही तोच आकडा दाखवतो.